डब्यातला मेडिटेरेनियन बाऊल: कोल्हापूरच्या मंडईतून काय काय जमतं?

शेपूची_जुडी | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या हिशेब खात्यात आहे. सकाळी आठला घर सोडते, दुपारी एकला डबा उघडते. गेल्या महिन्यात तपासणीत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची रक्तातली सरासरी साखर) ६.१ आलं. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, पण चपाती-भात निम्म्यावर आणा, कडधान्य आणि भाज्या वाढवा, असं बजावून सांगितलं.

मुलीनं मोबाइलवर मेडिटेरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या पद्धतीच्या, बाऊलचे व्हिडिओ दाखवले. एका मोठ्या वाडग्यात थोडं धान्य, उकडलेले काबुली चणे, काकडी-टोमॅटो, हमस (चणे आणि तीळ वाटून केलेली चटणी), चीज, वरून लिंबू आणि तेल. दिसायला सुंदर, करायला सोपं. हौसेनं ऑलिव्हची बाटली, कूसकूसचं पाकीट, सगळं आणलं आणि गेला आठवडाभर तेच नेलं. खरं सांगते, मिळमिळीत लागलं. डबा उघडला की तळाला पाणी साठलेलं, ऑलिव्ह खारट ढोण, आणि चारला पुन्हा कडकडून भूक. नवऱ्याच्या डब्यातही तेच दिलं होतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कँटीनचा रस्साभात खाल्ला.

मला हे सोडायचं नाहीये. फक्त कपिलतीर्थ मंडईत नाहीतर लक्ष्मीपुरीत मिळेल त्यातून, रोज अर्ध्या तासात होईल आणि जीभेला पटेल असं हवंय. कुणी करतं का?

---

तांबडा_पांढरा | सोमवार, रात्री १०:०५

ताई, दुपारचं जेवण गार? आपल्याकडं? दाजींचं काय चुकलं न्हाई बघा. जेवताना नाकातनं पाणी आलं न्हाई तर जेवल्यागत वाटत न्हाई आपल्याला.

---

दर्यावर्दी | सोमवार, रात्री ११:२०

मी मूळचा गडहिंग्लजचा, एकवीस वर्षं मालवाहू जहाजांवर होतो. पिरेअस, बेरूत, अलेक्झांड्रिया, इझमीर या बंदरांत अनेकदा उतरलोय. तिकडच्या साध्या घरात किंवा गोदीजवळच्या खानावळीत असा ‘बाऊल’ मला कुठं दिसला नाही. तिथं टेबलावर पाच-सहा बशा मांडतात, सगळे मिळून रोट तोडून खातात. एका वाडग्यात सगळं रचायची पद्धत हॉटेलवाल्यांची. युनेस्कोनं २०१० साली या आहाराला सांस्कृतिक वारशात घेतलं, तेव्हाही पाककृतींइतकाच मान एकत्र बसून जेवण्याला दिला.

पण डब्यासाठी तिथला एक पदार्थ मनापासून सुचवतो. बेरूतला गोदीतले हमाल खायचे. नाव मुजद्दरा. अख्खा मसूर आणि तांदूळ एकत्र शिजवलेले, त्यात जिरं, आणि वर भरपूर कांदा. कांदा म्हणजे आपण बिर्याणीला तळतो त्याच्याही पुढं, चॉकलेटी होईपर्यंत परतलेला. सोबत घट्ट दही आणि काकडी-टोमॅटो-पुदिन्याची कोशिंबीर. हा पदार्थ कोमटच खातात, त्यामुळं डब्यात बिघडल्यासारखा लागत नाही.

इस्लामपूर-कऱ्हाडच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर ज्यानं खाल्लाय त्याला तो मसूर नवा नाही. फरक मसाल्याचा आणि कांद्याचा. ताईंसाठी मसूर एक वाटी आणि तांदूळ पाव वाटी असं प्रमाण ठेवा. तिथंही गरिबाघरी तांदूळ कमीच असायचा.

आणि ताई, कूसकूस म्हणजे गव्हाचा रवाच. पाणी शिंपडून, तळहातानं वळून त्याच्या बारीक कण्या करतात आणि वाफवतात. ते खाऊन चारला भूक लागली यात नवल नाही.

---

खिरीचे_गहू | मंगळवार, सकाळी ६:४०

शिरोळ तालुक्यातून लिहितोय. धान्याचा प्रश्न आमच्या शिवारात सुटतो.

इटलीत सॅलडमध्ये ‘फारो’ नावाचा गहू घालतात. इकडं मोठ्या शहरांत तो आयात होऊन महागड्या पाकिटात मिळतो. तिथला बहुतेक फारो म्हणजे आपली खपली. शास्त्रीय नाव ट्रिटिकम डायकोकम. सांगली, कोल्हापूर, बेळगाव पट्ट्यात आजोबा-पणजोबांपासून रब्बीला पेरतात. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करतो तो हाच गहू. आमची आजी त्याला खपली म्हणायचीच नाही, खिरीचे गहूच म्हणायची.

याचं टरफल दाण्याला घट्ट धरून असतं, साध्या मळणीत सुटत नाही. म्हणून ‘सडलेली खपली’, म्हणजे कांडून टरफल काढलेली, असं मागून घ्या. लक्ष्मीपुरीत धान्याच्या पेठेत विचारा, बहुतेक मिळेल. शिजल्यावर दाणा दाणा वेगळा राहतो, चावायला लागतो, भातासारखा गचका होत नाही.

माझी कळकळ वेगळीच आहे. उसापुढं खपली मागं पडत गेली, कारण घरात हुग्गी वर्षातनं दोन-चारदाच होते. डब्यात जायला लागली तर पेरायला हुरूप येईल.

---

निशिगंध | मंगळवार, सकाळी ९:१५

खिरीचे_गहू दादा, कशी शिजवायची? मी एकदा थेट कुकरला लावली तर दगडासारखी राहिली.

---

खिरीचे_गहू | मंगळवार, सकाळी ९:४०

रात्रभर भिजत ठेवायचीच. सकाळी एक वाटीला तीन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, चार-पाच शिट्ट्या आणि मग दहा मिनिटं बारीक गॅस. उरलेलं पाणी गाळून आमटीत घाला. गहू ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. रविवारी एकदम शिजवून फ्रिजला ठेवला तर बुधवारपर्यंत चालतो.

---

वाटीभर_मोजून | मंगळवार, दुपारी २:३०

मी आहारतज्ज्ञ आहे, राजारामपुरीत बसते. दोन-तीन गोष्टी लिहिते.

जुडीताई, ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा. इथं आहार आणि चालणं यांनी खरंच फरक पडतो, त्यामुळं तुम्ही हे सोडायचं नाही म्हणताय ते फार योग्य आहे. पण ‘खपली खाल्ली की साखर वाढत नाही’ असं माझ्याकडं येणारे खूपजण धरून चालतात. खपली चांगली आहे, शेवटी गहूच आहे. शिजलेली पाऊण वाटी बास. ज्यांना गव्हातलं ग्लूटेन चालत नाही त्यांना तीही चालणार नाही.

चारची भूक प्रथिनं कमी पडल्यामुळं. तुम्ही चणे सजावटीपुरते टाकले असणार. ५० ग्रॅम कोरडे काबुली चणे घेतले, म्हणजे छोटी मूठभर, तर भिजून-शिजून वाटीभर होतात आणि त्यातून साधारण १० ग्रॅम प्रथिनं मिळतात. दिवसाची गरज किलोमागं ०.८३ ग्रॅम धरतात. ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. म्हणजे दुपारी १५-१६ तरी पोटात जायला हवीत. चण्यांसोबत चक्का, पनीर किंवा एक उकडलेलं अंडं ठेवा.

ऑलिव्ह खारट लागले कारण ते खाऱ्या पाण्यातच मुरवलेले असतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. ऑलिव्ह असतील त्या दिवशी बाकी कशात मीठ नको, आणि लोणचंही नको.

---

लाकडी_घाणा | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

सगळं ठीक आहे, पण ऑलिव्ह तेल कशाला? लिटरला हजाराच्या वर मोजायचे? आमचं घाण्याचं शेंगतेल काय वाईट आहे? वासावरच निम्मं जेवण होतं. माझा हाच धंदा आहे हे आधीच सांगतो, पण घरातही पिढ्यान् पिढ्या हेच खाल्लंय.

---

वाटीभर_मोजून | मंगळवार, रात्री ८:४५

दादा, शेंगतेल वाईट नाही आणि मी ते बंद करा म्हणत नाही. दोन्हींत ओलेइक आम्ल, म्हणजे हृदयाला बरं समजलं जाणारं स्निग्ध आम्ल, असतं, ऑलिव्हमध्ये साधारण ७० टक्के, शेंगतेलात साधारण निम्मं. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’मध्ये शिवाय कडसर चवीची काही द्रव्यं असतात, ती शुद्ध केलेल्या तेलात उरत नाहीत.

स्पेनमध्ये प्रेडिमेड नावाचा मोठा अभ्यास झाला. हृदयविकाराचा धोका असलेली सुमारे ७,५०० माणसं. एका गटाला ऑलिव्ह तेल, दुसऱ्याला अक्रोड-बदाम-हेझलनट, तिसऱ्याला कमी स्निग्ध खायचा सल्ला. २०१३ साली निष्कर्ष आले. काही केंद्रांवर गट पाडण्यात चुका निघाल्या म्हणून तो लेख मागं घेऊन २०१८ साली आकडेमोड नव्यानं केली. तरी पहिल्या दोन्ही गटांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यातून होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्के कमीच दिसले. दुसऱ्या गटाला जास्तीचं ऑलिव्ह तेल दिलंच नव्हतं, सुकामेवा दिला होता. म्हणून मी पेशंटला सांगते की परवडत असेल तर कच्चं, वरून घालायला चमचाभर ऑलिव्ह घ्या. नसेल तर शेंगतेल, तेही चमचाभरच. तेलावरून अख्खा बेत रद्द करू नका.

---

लाकडी_घाणा | मंगळवार, रात्री ९:०५

हे पटलं. चमचाभरच हे जरा कमी पटलं, पण ठीक आहे.

---

गंगावेशीतली_आजी | बुधवार, सकाळी ७:२०

नातवाकडून टाइप करून घेतेय. तुमची सगळी चर्चा ऐकली. आम्ही रानात न्यायचो ती भाकरी, झुणका, कांदा फोडून, खर्डा आणि गाडग्यातलं दही. त्यात धान्य आलं, डाळ आली, कच्चं आलं, तेल आलं. मग त्याला परदेशी नाव कशापायी? भाकरी-झुणका न्या की डब्यात.

पण एक सांगते. ग्रीक लोक काकडीच्या दह्यात शेपू घालतात असं नातू म्हणाला, ते ऐकून बरं वाटलं. आमच्या घरात शेपूला नाक मुरडणारेच जास्त. दूध कट्ट्यावरनं म्हशीचं धारोष्ण दूध आणा, तापवून विरजण लावा, रात्री फडक्यात बांधून टांगा. सकाळी असा चक्का पडतो की चमचा उभा राहतो. त्यात साखर घातली की श्रीखंड. मीठ, लसूण आणि शेपू घातला की तुमचं ते ग्रीक.

---

शेपूची_जुडी | बुधवार, रात्री १०:१५

आजी, नमस्कार! माझं इथलं नाव वाचून तुम्हाला कळलंच असेल मी कुठल्या बाजूची.

भाकरी-झुणक्याबद्दल तुमचं बरोबर आहे. फक्त आमचं काम खुर्चीवरचं. रानात जेवढी भाकरी जिरते तेवढी इथं जिरत नाही. दोन भाकरी खाऊन मी तीनला पेंगते. झुणका तोच, भाकरी अर्धी आणि कोशिंबीर चौपट केली तर? करून बघते.

दर्यावर्दी दादा, आज मुजद्दरा केला. कांदा परतायलाच पंचवीस मिनिटं गेली, पण घरभर असा वास सुटला की शेजारच्या वैनी विचारायला आल्या. नवऱ्यानं डबा पूर्ण संपवला.

---

दर्यावर्दी | बुधवार, रात्री १०:४०

कांदा रविवारीच किलोभर परतून बरणीत भरून ठेवा. फ्रिजमध्ये आठवडा काढतो. आणि शेपूबद्दल आजींचं बरोबर. ग्रीक लोक त्या दह्याला त्झात्झिकी म्हणतात, शेपू नाहीतर पुदिना घालतात. काकडी किसून, मीठ लावून, घट्ट पिळूनच घालतात. पिळली नाही की अर्ध्या तासात त्याचं ताक होतं.

---

मोडी_वाचक | गुरुवार, सकाळी ११:००

थोडं अवांतर. टोमॅटो आणि मिरची, दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसानंतर ती युरोपात गेली आणि पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडं आली. म्हणजे पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी इटलीत लाल सॉस नव्हता आणि कोल्हापुरात तांबडा रस्सा नव्हता. आता कल्पना करा दोन्हीकडच्या जेवणाची.

---

तांबडा_पांढरा | गुरुवार, सकाळी ११:०४

नको नको, सकाळ-सकाळी असली कल्पना करायला लावू नका.

---

जयसिंगपूरचा_पाहुणा | गुरुवार, दुपारी ४:५०

आमच्या घरात कांदा-लसूण नाही. शिवाय कडधान्य आणि कच्चं दही एकत्र चालत नाही, द्विदल होतं. चातुर्मासात पालेभाजीही नाही. मग या बाऊलमध्ये काय उरतं, असं बायकोनं विचारलं.

आम्ही असं जमवलं. हमस लसणाशिवाय, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूट हिंग घालून. चण्याच्या दिवशी दही नाही, वर तिळाची पातळ चटणी. पनीरच्या दिवशी खपली आणि ढोबळी मिरची. आमच्या भागात पॉलिहाउसमुळं लाल-पिवळी ढोबळी सहज मिळते. थेट गॅसवर भाजून सालं काढली की गोड लागते, वेगळा मसाला लागत नाही.

---

डबेवाली_मावशी | गुरुवार, रात्री ९:३०

मी उद्यमनगरात बारा वर्षं डबे देते, सध्या रोजचे चाळीस. जुडीताईंच्या पाण्याच्या तक्रारीवर कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पाणी तीन ठिकाणांहून येतं. गरम धान्य झाकलं की वाफेचं, मीठ लावलेल्या काकडी-टोमॅटोचं आणि पातळ दह्याचं. म्हणून धान्य ताटात गार करूनच भरायचं. टोमॅटोच्या बिया चमच्यानं काढून टाकायच्या. मीठ आणि लिंबू डब्यात घालायचंच नाही, फिरकीच्या छोट्या डबीत लिंबूरस, तेल, मीठ, लसूण एकत्र द्यायचं आणि जेवताना ओतायचं. लसूण किसून लिंबूरसात दहा मिनिटं ठेवला तर उग्रपणा जातो, ऑफिसात शेजारचा तोंड फिरवत नाही. तळाला चणे, मग धान्य, मग काकडी, पाला सगळ्यात वर.

उन्हाळ्यात चक्का स्टीलच्या डबीत रात्रीच फ्रीझरला ठेवा. एकपर्यंत बरोबर मऊ होतो आणि आंबत नाही. शिजलेले चणे फ्रिजमध्ये तीन दिवस. त्यापुढं ठेवायचे तर वाटी-वाटीच्या पिशव्या करून फ्रीझरला. एकदा एप्रिलमध्ये मी चौथ्या दिवसाचे चणे वास घेऊन ‘ठीक आहेत’ म्हणून भरले. सहा डबे परत आले, त्यातल्या एका मुलाचं पोट दोन दिवस बिघडलं. त्या मुलाच्या आईची मी घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून पिशवीवर तारीख लिहिते.

---

निशिगंध | गुरुवार, रात्री १०:००

मावशी, हे सगळं सोन्यासारखं आहे. हमसची कृती पण कुणीतरी द्या ना, माझं दरवेळी रवाळ होतं.

---

दर्यावर्दी | शुक्रवार, सकाळी ८:१०

हुम्मुस म्हणजे अरबीत चणाच. रवाळ होतो कारण चणा कमी शिजतो. भिजवताना आणि शिजवताना चिमूट सोडा घाला. बोटांत धरला की लोण्यासारखा चिरडला पाहिजे. गरम असतानाच वाटा. तीळ पांढरे, बिनसालीचे, फक्त वास सुटेपर्यंत भाजायचे. रंग धरला की कडू झाले समजा. ते आधी एकटे वाटून पातळ करा, मग लिंबू आणि बर्फाचं पाणी थोडं थोडं. गार पाण्यानं तिळाची पेस्ट पांढरी आणि हलकी होते. आपले संक्रांतीचे तीळ उरतातच प्रत्येक घरात.

---

तांबडा_पांढरा | रविवार, दुपारी १:३०

मंडळी, मी हरलो म्हणा. बायकोनं हे हुम्मुस केलं. मी त्यावर शेंगतेल तापवून, गॅस बंद करून, चमचाभर कांदा-लसूण मसाला टाकला आणि तो कट वरनं ओतला. सोबत कालच्या सुक्या मटणाचे चार तुकडे, काकडी, लिंबू, कांदापात. नाद खुळा! भाकरी एकच लागली, एरवी तीन लागतात.

---

लाकडी_घाणा | रविवार, दुपारी १:४५

आता कसं बोललात!

---

रत्नागिरी_व्हाया_आंबा_घाट | रविवार, रात्री ८:००

मासे खाणाऱ्यांनी तारली विसरू नका. तिकडं सार्डिन मोठ्या मानानं खातात, ती तारलीच्याच जातकुळीतली. स्वस्त आणि पौष्टिक. फक्त ऑफिसात नेऊ नका, घरच्या सुट्टीच्या दिवशी करा.

---

शेपूची_जुडी | तीन आठवड्यांनी, शनिवार, सकाळी १०:३०

सगळ्यांना सांगायला आले. हे आता माझ्याकडं नीट बसलंय.

रविवारी दोन तास देते. खपली शिजवते, चणे शिजवून पिशव्या भरते (तारीख लिहून, मावशी), कांदा परतून ठेवते. मग रोज सकाळी वीस मिनिटांत होतं. मुजद्दरा सोमवार-गुरुवार ठरलेला, कारण तो नवऱ्यालाही आवडतो. खपलीच्या दिवशी चणे, भाजलेली ढोबळी, भरपूर कोथिंबीर-पुदिना. कृष्णाकाठची वांगी आली की गॅसवर भाजून भरीत, पण शेंगदाण्याच्या कुटाऐवजी वाटलेले तीळ आणि लिंबू. ते कार्यालयात सहाजणींनी चाखलं, माझ्या वाट्याला दोन चमचे उरले. शुक्रवारी आजींचं ऐकून झुणका, अर्धी भाकरी आणि वाडगाभर कोशिंबीर.

जे जमलं नाही तेही लिहिते. कूसकूस पुन्हा आणलं नाही. पनीर मिठाच्या पाण्यात ठेवून फेटासारखं करायला गेले, फसलं. फेटा मेंढी-शेळीच्या दुधाचं, मुरवलेलं असतं, ती चव पनीरला कशी येणार? आता पनीर पनीरसारखंच, तव्यावर जिरं-मिरपुडीत परतून. ऑलिव्हऐवजी आजऱ्याच्या मैत्रिणीनं दिलेली मिठाच्या पाण्यातली कच्ची करवंदं दोन-तीन चिरून घालते. आंबट-खारट, अगदी हवी तशी. आणि तिकडं सुमाक नावाची आंबट लाल पूड वरून भुरभुरतात, तिच्या जागी वाळलेल्या आमसुलाची पूड छान लागली.

चारची भूक गेली. पेंग गेली. एचबीए१सी तीन महिन्यांनी करायचंय, त्याआधी काही म्हणणार नाही.

खिरीचे_गहू दादा, लक्ष्मीपुरीत दोन दुकानांत सडलेली खपली मिळाली, तिसऱ्यानं साधा गहूच खपली म्हणून दाखवला. कसा ओळखायचा?

---

खिरीचे_गहू | शनिवार, दुपारी १२:१५

दाणा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, रंगानं तांबूस. साधा गहू टपोरा आणि पिवळसर. शंका आली तर मूठभर भिजवून शिजवून बघा, खपली तांबूसच राहते आणि खिरीचा वास येतो. पुढच्या मोसमाला किती लागेल ते इथंच लिहून ठेवा, मंडळी. मी यंदा अर्धा एकर जास्त धरतोय.

---

निशिगंध | शनिवार, दुपारी १२:२०

माझे पाच किलो लिहा.

---

डबेवाली_मावशी | शनिवार, दुपारी १२:५०

माझे पन्नास. सोमवारपासून दहा डबे असेच सुरू करतेय, गिऱ्हाइकांनी स्वतः मागितलेत.